'इ' या अक्षराची साक्ष : केन्जिरो ताकायानागी यांचे दूरचित्रवाणीविषयक कार्य

दूरचित्रवाणीचा जनक कोण, या प्रश्नास निरनिराळ्या देशांत निरनिराळी उत्तरे मिळतात. ब्रिटनमध्ये जॉन लोगी बेअर्ड यांचे नाव घेतले जाते. अमेरिकेत फायलो फार्न्सवर्थ व व्लादिमिर झ्वोरिकिन यांचे पुरस्कर्ते परस्परांशी वाद घालीत आले आहेत. जर्मनीत पॉल निपको यांचे स्मरण केले जाते, आणि जपानात हा मान केन्जिरो ताकायानागी यांना दिला जातो. यांपैकी एकच दावा खरा व बाकीचे खोटे असे मानण्याचे कारण नाही. सर्व पक्ष एकच शब्द वापरतात, पण त्या शब्दाचा अर्थ प्रत्येकाच्या लेखी वेगळा असतो. कोणी कल्पनेला, कोणी पेटंटला, कोणी माणसाच्या चेहऱ्याच्या पहिल्या प्रतिमेला, तर कोणी चाके व चकत्या यांचा संपूर्ण त्याग केलेल्या यंत्रणेला 'दूरचित्रवाणी' म्हणतो. अर्थनिश्चिती झाल्यावाचून अग्रक्रमाचा वाद मिटणे शक्य नाही.

प्रस्तुत लेखात या वादातील एकाच पुराव्याचा विचार करावयाचा आहे. इ. स. १९२६ च्या डिसेंबरच्या २५ तारखेस जपानमधील हामामात्सु या गावी एका काचनलिकेच्या पडद्यावर जपानी लिपीतील 'इ' हे अक्षर उमटले. या अक्षराने नेमके काय सिद्ध झाले आणि काय सिद्ध झाले नाही, हे पाहिले असता ताकायानागी यांच्या कार्याचे खरे स्वरूप ध्यानात येते, असे आम्हांस वाटते.

ताकायानागी यांचा जन्म २० जानेवारी १८९९ रोजी हामामात्सु येथे झाला. तोक्यो येथील उच्च तंत्रविद्यालयाचे शिक्षण १९२१ साली पुरे करून त्यांनी योकोहामा येथे एका औद्योगिक शाळेत अध्यापन पत्करले. परदेशी नियतकालिके वाचण्याचा त्यांचा परिपाठ होता. एका फ्रेंच मासिकात, ध्वनिग्राहक यंत्रावर चौकट बसवून तीत गायिकेचे चित्र दिसत आहे, असे भविष्यकाळाचे एक कल्पनाचित्र त्यांच्या पाहण्यात आले व तेथून त्यांच्या मनाने हा विषय घेतला. १९२४ साली ते जन्मगावी परतले आणि दोनच वर्षांपूर्वी स्थापन झालेल्या हामामात्सु उच्च तंत्रविद्यालयात साहाय्यक प्राध्यापक म्हणून रुजू झाले. हे गाव त्या काळी हातमाग, यंत्रमाग आणि वाद्यनिर्मिती यांसाठी प्रसिद्ध होते. विद्युत्-संशोधनाचे केंद्र म्हणून त्याची ख्याती नव्हती. शिवाय जपानात नभोवाणीचे पहिले प्रक्षेपण व्हावयाचे होते. ते २२ मार्च १९२५ रोजी तोक्योहून झाले. म्हणजे आवाज घरोघर पोहोचण्याच्या आधीच हा पंचविशीचा अध्यापक चित्र पाठविण्याच्या खटपटीस लागला होता.

आपल्या विषयाला त्यांनी 'मुसेन एन्शिहो' असे नाव दिले होते. 'मुसेन' म्हणजे बिनतारी, 'एन्शि' म्हणजे दूर पाहणे आणि 'हो' म्हणजे पद्धती. येथे भाषेच्या अभ्यासकाने क्षणभर थांबावे. 'टेलिव्हिजन' हा ग्रीक व लॅटिन यांचा संकर १९०० साली पॅरिसच्या विद्युत्-परिषदेत कॉन्स्टंटिन पेर्स्की या रशियनाने वापरला. जर्मनांनी 'फेर्नझेहेन' हा शब्द रूढ केला. 'एन्शि' हा शब्द आणि आपल्याकडील 'दूरदर्शन' हा शब्द, दोन्हीही त्याच साच्यातले आहेत. मराठीतील 'दूरचित्रवाणी' मात्र निराळ्या वाटेने आला. तो पाहण्याच्या क्रियेवरून घडला नसून 'आकाशवाणी' व 'नभोवाणी' यांच्या मागे चालत आला आहे, आणि त्यामुळे त्यात चित्र वाणीच्या आश्रयास राहिले आहे. जपानी शब्दाची एक अडचण अशी की 'एन्शि' याचा अर्थ नेत्रवैद्यकात दूरदृष्टीचा दोष असाही होतो. पुढे जपान्यांनी 'तेरेबिजोन' हा परकी शब्दच स्वीकारला व त्याचे 'तेरेबि' असे आखूड रूप केले.

ताकायानागी यांनी कामास हात घातला तेव्हा या प्रश्नाचे तत्त्व जुने झाले होते. प्रकाश पडला असता सेलेनियमची विद्युत्-वाहकता बदलते, हे १८७३ पासून ठाऊक होते. या गुणाचा उपयोग करून चित्राचे तुकड्यातुकड्याने वाचन कसे करावे, हे निपको यांनी १८८४ च्या पेटंटमध्ये सांगितले. फिरत्या चकतीवर सर्पिल रेषेत बारीक छिद्रे पाडावयाची. चकती फिरू लागली म्हणजे एकेक छिद्र चित्रावरून एकेक ओळ ओढीत जाते. सर्व छिद्रांची एक फेरी झाली की संपूर्ण चित्र वाचून होते. या क्रियेस क्रमवीक्षण म्हणतात. वाचताना मिळालेला उजेड-अंधार विजेच्या कमीअधिक प्रवाहात रूपांतरित करून दुसऱ्या टोकास पाठवावयाचा आणि तेथे तशाच चकतीने त्याचे पुन्हा चित्र करावयाचे, अशी ही योजना होती.

ही योजना सुबोध असली तरी तिची मर्यादा साध्या गणिताने दाखविता येते. चकतीवरील दोन शेजारच्या छिद्रांमध्ये जेवढे अंतर, तेवढीच चित्राची रुंदी. एक मीटर व्यासाच्या चकतीचा परीघ ३.१४ मीटर असतो. तीवर ४० छिद्रे पाडली तर चित्राची रुंदी सुमारे ८ सेंटीमीटर मिळेल. चित्र अधिक स्पष्ट व्हावे म्हणून ४०० छिद्रे पाडली, तर तीच रुंदी ८ मिलिमीटरवर येईल. म्हणजे सूक्ष्मता वाढविली की चित्र आकसते, आणि चित्र मोठे ठेवावे तर चकती घरात मावत नाही. शिवाय दोन्ही टोकांच्या जड चकत्या अगदी एका लयीत फिरविणे हे निराळेच संकट. बेअर्ड यांनी २६ जानेवारी १९२६ रोजी लंडनमधील फ्रिथ स्ट्रीटवरील आपल्या खोलीत रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सभासदांना माणसाचा हलता चेहरा दाखविला, तो ३० ओळींचा होता आणि दोन्ही टोकांचे काम यांत्रिक होते. चेहरा ओळखू आला, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु त्या मार्गाने फार पुढे जाता येणार नाही, हेही त्यातच दिसत होते.

दुसरा मार्ग कागदावर उपलब्ध होता. फेर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ साली तयार केलेल्या ऋणकिरण-नलिकेत इलेक्ट्रॉनांचा झोत विद्युत्-चुंबकीय बलाने हवा तसा वळविता येतो. त्याला चकतीसारखे वजन नाही, त्यामुळे जडत्वाची अडचणही जवळजवळ नाही. अशा झोताने पाठविणे व पाहणे ही दोन्ही कामे करावीत, असे ॲलन कॅम्पबेल स्विंटन यांनी १९०८ साली सुचविले होते. पण पाठविण्याच्या बाजूस हे साधणारी नलिका कोणापाशीच नव्हती.

ताकायानागी यांनी प्रश्नाचे दोन भाग केले. पाठविण्याच्या बाजूस निपकोची चकती तशीच ठेवली, आणि पाहण्याच्या बाजूस मात्र ब्राउन नलिका आणली. बेअर्ड यांच्याप्रमाणे दोन्ही बाजू यांत्रिक ठेवण्याचा सोपेपणा त्यांनी टाळला आणि कॅम्पबेल स्विंटन यांच्याप्रमाणे दोन्ही बाजू एकदम विद्युन्मय करण्याचा आग्रहही धरला नाही. ज्या अर्ध्या भागासाठी साधन हाताशी होते तो अर्धा भाग त्यांनी प्रथम सोडविला. आमच्या मते त्यांच्या कार्यातील विचाराचा भाग तो हाच. (जपानी भाषेत या नलिकेस 'ब्राउन-कान' म्हणतात, इंग्रजीत ब्राउन यांचे नाव मागे पडले, ते जपानीत टिकून राहिले.)

प्रयोगाची मांडणी अशी होती. उष्णता सहन करील अशा अभ्रकाच्या पातळ तुकड्यावर काताकाना लिपीतील 'इ' हे अक्षर काढले होते. त्यावर प्रखर प्रकाश टाकून फिरत्या चकतीने ४० ओळींत त्याचे क्रमवीक्षण केले. मिळालेला क्षीण प्रवाह निर्वात नलिकांच्या प्रवर्धकाने वाढविला आणि ब्राउन नलिकेस दिला. नलिकेच्या पडद्यावर ते अक्षर दिसले. त्याच दिवशी पहाटे सम्राट तैशो यांचे निधन झाले होते व त्या दिवसापासून शोवा कालखंड सुरू झाला. त्यामुळे जपानी कालगणनेत या प्रयोगाचे वर्ष तैशो १५ असेही लिहिता येते आणि शोवा १ असेही. शोवाचे ते पहिले वर्ष अवघे सात दिवसांचे होते.

आता अक्षराकडे वळू. काताकानातील 'इ' दोनच रेघांनी होते. पहिली उजवीकडे वरून डावीकडे खाली उतरणारी तिरपी रेघ, आणि दुसरी त्या रेघेच्या सुमारे मध्यापासून सरळ खाली येणारी उभी रेघ. ज्या चिनी अक्षरापासून हे चिन्ह निघाले, त्याचा हा डावा अर्धा भाग होय. त्या काळच्या जपानी प्राथमिक शाळांत मुलांना हिरागानापूर्वी काताकाना शिकवीत, त्यामुळे हे चिन्ह प्रत्येकाच्या अगदी प्रारंभीच्या धड्यातले होते.

परंतु 'इ' च का, 'अ' का नव्हे? जपानी वर्णांचे दोन क्रम प्रचलित आहेत. एक 'गोजूओन', म्हणजे पन्नास ध्वनींचा तक्ता. त्याचे स्वर अ, इ, उ, ए, ओ या क्रमाने येतात आणि व्यंजनवर्ग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा या क्रमाने. मराठी वाचकास ही ओळ परकी वाटणार नाही. प्राचीन जपानीत ह-वर्गाचा उच्चार पकारासारखा व स-वर्गाचा चकारासारखा असावा असे मानतात. तसे वाचले म्हणजे क, च, त, न, प, म, य, र, व अशी आपलीच वर्णमाला समोर उभी राहते. सिद्धम् लिपीचा व संस्कृत ध्वनींचा अभ्यास करणाऱ्या बौद्ध भिक्षूंच्या परंपरेतून हा क्रम जपानात आला. दुसरा क्रम 'इरोहा'. सत्तेचाळीस अक्षरांपैकी प्रत्येक अक्षर एकदाच येईल अशा एका जुन्या पद्यावरून तो घेतला आहे. त्या पद्याचा सर्वांत जुना उपलब्ध लेख १०७९ सालचा आहे. ते कूकाई या आचार्यांनी रचिले ही पारंपरिक समजूत विद्वान ग्राह्य धरीत नाहीत. ओत्सुकी फुमिहिको यांच्या 'गेन्काई' (१८८९-९१) या कोशाने गोजूओन क्रम स्वीकारला व कोशव्यवहारात हळूहळू तोच रूढ झाला. कायद्याची उपकलमे, संगीताचे स्वर इत्यादींची गणना मात्र इ, रो, हा अशीच होत राहिली. 'इ नो इचिबान' म्हणजे 'इ मधला पहिला' असा वाक्प्रचार 'सर्वांच्या आधी' या अर्थाने जपानीत आजही आहे. ताकायानागी यांनी इरोहातील हे आद्याक्षर निवडले. गोजूओन क्रमाने चालले असते तर भारतीय परंपरेतील 'अ' पडद्यावर आला असता!

या निवडीने प्रयोगाची पुराव्याच्या दृष्टीने जी बळकटी झाली, तिच्याकडे आम्ही विशेष लक्ष वेधू इच्छितो. बेअर्ड यांनी १९२४ साली पाठविलेली पहिली आकृती माल्टाच्या क्रुसाची छाया होती. सेंट पीटर्सबर्ग येथे बोरिस रोझिंग यांनी १९११ साली ऋणकिरण-नलिकेवर उजेडाचे चार पट्टे दाखविले होते. फार्न्सवर्थ यांनी ७ सप्टेंबर १९२७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एक सरळ रेघ पाठविली. क्रूस, पट्टे व रेघ या सर्व सममित आकृती होत. त्या उलट्या पडल्या किंवा डाव्याउजव्याची अदलाबदल झाली, तरी त्यांच्याकडे पाहून ते समजणार नाही. 'इ' चे तसे नाही. ते आरशातल्याप्रमाणे उलटले किंवा डोक्यावर उभे राहिले तर शाळकरी मुलासही चूक कळेल. शिवाय ओळी कोणत्याही दिशेने ओढल्या तरी त्याच्या दोन रेघांपैकी निदान एक रेघ त्या ओळींना छेदून जाते आणि तिरप्या रेघेचा छेद प्रत्येक ओळीत थोडा थोडा सरकतो. दोन्ही टोकांची लय किंचित चुकली तर ती रेघ विस्कटून जाईल. हा सर्व विचार करूनच ताकायानागी यांनी ते अक्षर घेतले, असे आम्ही म्हणत नाही. ते पहिले अक्षर होते एवढे कारण पुरेसे आहे. परंतु हेतू काहीही असो, परीक्षा कडक झाली.

त्याच वेळी या परीक्षेची मर्यादाही सांगितली पाहिजे. अक्षर हे काळे किंवा पांढरे असते. त्यात मधल्या छटा नसतात. चेहरा ओळखू येण्यास गाल, डोळ्यांखालची छाया, ओठ यांतील उजेडाचे अनेक दर्जे लागतात. बेअर्ड यांच्या १९२६ च्या प्रयोगास जे महत्त्व आहे ते या छटांमुळे. ताकायानागी यांच्या 'इ' ने स्थान व आकार सिद्ध केला, छटा सिद्ध केल्या नाहीत. नलिकेवर माणसाचा चेहरा दाखविण्याचे काम त्यांनी १९२८ साली केले. तेव्हा १९२६ या एकाच वर्षाच्या दोन टोकांस झालेले हे दोन प्रयोग परस्परांचे प्रतिस्पर्धी नव्हेत. त्यांनी दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे दिली आहेत.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. अक्षर दूर पाठविणे यात नवे ते काय, तारायंत्र तेच करीत होते, असे कोणी म्हणेल. परंतु तारायंत्र अक्षर पाठवीत नाही. अक्षरासाठी ठरवून घेतलेला संकेत पाठविते, आणि दुसऱ्या टोकाचा मनुष्य त्या संकेतावरून अक्षर पुन्हा लिहितो. हामामात्सु येथील यंत्रणेला ते अक्षर आहे याची खबर नव्हती. तिच्या दृष्टीने तो उजेड-अंधाराचा एक आराखडा होता. अक्षरत्व पाहणाऱ्याच्या डोळ्यांत होते. ज्या भाषेच्या लेखनात हजारो चिनी चिन्हे वापरावी लागतात, तिला संकेतापेक्षा आकृतीच पाठविण्याची ओढ असणे स्वाभाविक आहे. निवा यासुजिरो यांच्या चित्रतार-पद्धतीने १९२८ साली क्योतो येथील राज्यारोहण-समारंभाची छायाचित्रे तोक्योस पाठविली, ती याच कालखंडातील गोष्ट होय. या दोन प्रयत्नांमागे एकच प्रेरणा होती असे ठामपणे म्हणता येणार नाही. पण लिपीचे स्वरूप आणि तंत्राची दिशा यांचा संबंध तपासून पाहण्यासारखा आहे.

मग 'पहिला' हे विशेषण ताकायानागी यांना कितपत लागू पडते? नलिकेवर प्रतिमा दाखविणारे पहिले ते नव्हेत. वर उल्लेखिलेले रोझिंग यांचे पट्टे त्यांच्या पंधरा वर्षे आधीचे आहेत. रोझिंग यांच्यापाशी प्रवर्धक नव्हता, म्हणून त्यांचे काम पट्ट्यांपलीकडे जाऊ शकले नाही. परंतु कल्पना व दिशा तीच होती. दोन्ही बाजू विद्युन्मय करण्यातही ताकायानागी पहिले नव्हेत. तेथे फार्न्सवर्थ यांचा मान आहे. ओळखता येण्याजोगे चिन्ह प्रवर्धित प्रवाहाने ब्राउन नलिकेवर आणणे, एवढ्या नेमक्या मर्यादेत त्यांचा अग्रक्रम मांडता येतो, आणि तो तेवढाच मांडावा. राष्ट्राभिमानाने त्याला फुगविल्यास उलट त्यांच्यावर अन्याय होतो. कारण असा फुगविलेला दावा एका पुराव्याने कोसळतो आणि त्याबरोबर खरे कार्यही संशयास्पद ठरते.

उरलेला अर्धा प्रश्न, म्हणजे पाठविण्याची बाजू, त्यांना अनेक वर्षे पुरला. चकतीच्या पद्धतीत प्रत्येक बिंदूचा प्रकाश केवळ क्षणभर उपयोगात येतो व बाकीचा वाया जातो. तो साठवून मग वाचावा, हा विचार त्यांनी १९३० साली पेटंटसाठी मांडला. झ्वोरिकिन यांनी याच साठवणीच्या तत्त्वावरील 'आयकोनोस्कोप' १९३३ साली प्रसिद्ध केला. ताकायानागी १९३४ साली अमेरिकेत जाऊन त्यांना भेटले आणि १९३५ साली हामामात्सु येथे संपूर्ण विद्युन्मय यंत्रणा सिद्ध झाली. चकती अखेर निघाली, ती अशी अकराव्या वर्षी.

पुढील घटना थोडक्यात सांगतो. १९४० चे ऑलिंपिक सामने तोक्योस ठरले होते व ते दाखविण्याच्या तयारीसाठी १९३७ साली त्यांना जपानच्या नभोवाणी संस्थेकडे, म्हणजे एन.एच.के.कडे, पाठविण्यात आले. चीनशी युद्ध चालू असता जपानने १९३८ च्या जुलैत सामने सोडून दिले. तथापि ४४१ ओळींची यंत्रणा तयार झाली होती. १३ मे १९३९ रोजी किनुता येथील प्रयोगशाळेतून शहरातील नभोवाणी-भवनापर्यंत, सुमारे १३ किलोमीटरवर, प्रायोगिक प्रक्षेपण करण्यात आले. १९४० च्या एप्रिलमध्ये 'युगे-माए' (संध्याकाळच्या जेवणापूर्वी) ही एका कुटुंबाविषयीची बारा मिनिटांची नाटिका दाखविली गेली. महायुद्धाने हे काम थांबविले व ताकायानागी यांना नौदलाच्या रडार-संशोधनात जावे लागले. पराभवानंतर त्याच कारणामुळे एन.एच.के.चे दार त्यांना बंद झाले. १९४६ साली आपल्या सहकाऱ्यांसह ते जपान व्हिक्टर कंपनीत गेले. १ फेब्रुवारी १९५३ रोजी एन.एच.के.ने नियमित दूरचित्रवाणी सुरू केली तेव्हा नोंदलेल्या ग्राहकांची संख्या ८६६ होती, आणि ती ५२५ ओळींच्या अमेरिकन प्रमाणानुसार होती. युद्धापूर्वीच्या ४४१ ओळी मागे राहिल्या. १९८१ साली त्यांना जपानचा संस्कृति-सन्मान मिळाला. २३ जुलै १९९० रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

हामामात्सुचे ते तंत्रविद्यालय पुढे शिझुओका विद्यापीठात समाविष्ट झाले. तेथे ताकायानागी यांचे स्मारक-संग्रहालय आहे व १९२६ च्या प्रयोगाची प्रतिकृती ठेवली आहे. विद्युत्-अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००९ साली या कार्यास ऐतिहासिक टप्प्याचा दर्जा दिला. तिच्या मानपत्रात १९२४ साली संशोधनास झालेला आरंभ, १९२६ चे अक्षर आणि १९३५ ची विद्युन्मय यंत्रणा या तीन गोष्टींची नोंद आहे. 'जगातील पहिला' हे शब्द तीत नाहीत.